पेंटरला प्रेरणा नसते काय?



कोणताही दिवाळी अंक उघडा, चित्रकाराची मुलाखत हमखास सापडते. प्रश्न ठरलेले असतात. तुमची प्रेरणा कोणती? आवडता रंग कोणता? लहानपणी घरात वातावरण कसे होते? काम सकाळी करता की रात्री? चित्र काढताना गाणे ऐकता का? घरच्यांची साथ कशी मिळाली? या प्रश्नांवर आमचा राग नाही. उलट हे फार महत्त्वाचे प्रश्न आहेत असेच आमचे म्हणणे आहे. आमचा सवाल एवढाच की हे प्रश्न कुणाला विचारले जातात, आणि कुणाला जन्मभर विचारलेच जात नाहीत?

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत सामाजिक काम करताना आम्ही वस्त्यावस्त्यांत जातो. समाजमंदिराच्या भिंतीवर बाबासाहेब असतात, तथागत असतात, पंचशील असते, संविधानाची उद्देशिका कलमी अक्षरात लिहिलेली असते. हे कुणी काढले असे विचारले की उत्तर येते, "पेंटरनं." कोणत्या? "होता की आपल्यातलाच एक पोरगा." नाव आठवत नाही. कुणाचा कोण तेही आठवत नाही. त्या पोराला चित्राबद्दल आजवर तीनच प्रश्न विचारले गेलेले असतात. किती फूट? किती रुपये? चौदा एप्रिलच्या आत होईल काय?

चित्रकाराला प्रेरणा असते आणि पेंटरला फक्त बिल असते, अशी ही वाटणी आहे. ही वाटणी कलेने केलेली नाही, जातिव्यवस्थेने केली आहे. आणि तिच्याविरुद्ध बोलायचे तर प्रस्थापितांना जाब विचारून भागणार नाही, चळवळीलाही विचारावा लागेल.

आधी प्रस्थापितांचे पाहू. त्यासाठी मुंबईच्या गॅलरीपर्यंत जायची गरज नाही, सातारा जिल्ह्यातले औंध पुरेसे आहे. औंधच्या डोंगरावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते 1938 मध्ये उभारले. तिथे राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत, आणि जगप्रसिद्ध शिल्पकार हेन्री मूर यांचे 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्पही आहे. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामायणावर चित्रमालिका केली, अजिंठ्याची चित्रे उतरवून घेतली, अजिंठ्यावर पुस्तक लिहिले. त्यांची आवड, त्यांचे सूर्यनमस्कार, त्यांची कीर्तने, त्यांचा दिनक्रम हे सगळे नोंदले गेले आहे. आम्ही त्यांना लहान करत नाही. 1939 मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारा तो संस्थानिक होता, हे आम्हाला माहीत आहे. पण राजाच्या हातात कुंचला आला की त्याला रसिकता म्हणायचे आणि आमच्या वस्तीतल्या माणसाच्या हातात आला की त्याला रंगारी म्हणायचे, ही भाषा कुठून आली ते विचारायला नको काय?

आता औंधहून किर्लोस्करवाडीला चला. आज ती सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे. तेव्हा औंध संस्थानात होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखानदार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. पण हा माणूस 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकायला गेला होता. डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आले आणि चित्रकला सुटली. चित्रकला सुटली तरी रेषा सुटली नाही. ते यंत्रांचे रेखाटन शिकले, ते शिकवू लागले, पुढे नांगर केला, कारखाना काढला. त्यांचे पुतणे शंकरराव हेही चित्रकार. 1920 मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडीतून मासिक सुरू केले आणि पुढे 'शंवाकीय' या नावाने आत्मचरित्र लिहिले. धुरंधरांचेही 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' आहे.

यातून काय दिसते? एक दार बंद झाले तर दुसरे दार उघडे असणे, आणि दोन्ही दारांची हकिकत लिहून ठेवली जाणे, हीच सामाजिक पुंजी. लक्ष्मणरावांच्या कष्टांबद्दल आम्हाला आदर आहे. पण आमच्या वस्तीतल्या मुलाचे चित्रकलेचे शिक्षण वसतिगृहाचे पैसे भरता आले नाहीत म्हणून सुटते, तेव्हा त्याच्यापुढे उरते ते सेंट्रिंगचे काम, नाहीतर ऊसतोडीची टोळी. त्याच्या डोळ्यांना सगळे रंग ओळखू येतात. त्याची हकिकत मात्र कुठल्याच पानावर येत नाही.

मित्रांनो, या पेंटरचे आयुष्य काय असते ते एकदा मांडूया.

तो शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा देतो. बाईंनी किंवा सरांनी वहीवर शाबासकी दिलेली असते. परिस्थिती जरा बरी असेल तर आर्ट टीचर डिप्लोमापर्यंत जातो. कारण कलाशिक्षकाची नोकरी हाच खेड्यातल्या कलाकाराचा एकमेव राजमार्ग होता, आणि आता शाळांतली ती भरतीही आटली आहे. मग तो बाजारपेठेत पाट्या रंगवू लागतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाचे नाव आणि आडनावाखाली वाघ. मोटारसायकलची नंबर प्लेट. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर बाराखडी, फळे आणि प्राणी. निवडणुकीत भिंतीभर चिन्हे. ग्रामस्वच्छता अभियानात 'हागणदारीमुक्त गाव' ही घोषणा. तो ज्या वस्तीत राहतो तिथे कदाचित गटारही नसते. पण गावाच्या वेशीवरचे स्वच्छतेचे अक्षर त्याच्याच हातचे असते.

फ्लेक्स आला तसे हे कामही गेले. जो हात दोन मजले उंचीचा चेहरा चौकटी पाडून भिंतीवर उतरवू शकत होता, तो फ्लेक्सच्या दुकानात संगणकापुढे बसून वाढदिवसाच्या बॅनरवर नेत्यांचे फोटो चिकटवू लागला. ज्यांना संगणक जमला नाही ते घरांना रंग द्यायला गेले. चित्रकार, पेंटर, रंगारी ही शिडी किती झटकन खाली उतरता येते ते त्यांना विचारा. आणि नदीकाठच्या वस्त्यांत 2005 ला, 2019 ला, 2021 ला कृष्णेचे पाणी शिरले. सखल जागा कुणाच्या वाट्याला आल्या आहेत हे सांगायला नको. भिजलेल्या पेट्यांमध्ये वह्या होत्या, स्केचेस होती. पंचनाम्यात भांडी लिहिली जातात, धान्य लिहिले जाते. चित्राला रकाना नसतो.

हे सगळे म्हणजे 'व्यक्तिगत आयुष्य' नव्हे काय? मुलाखतीत ज्याला 'जडणघडण' म्हणतात ते हेच ना?

आता आवडीकडे वळू. आवड ही माणसाची फार खाजगी गोष्ट आहे असे मानले जाते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही वेगळे शिकलो. पिअर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1979 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की कुणाला कोणते चित्र, कोणते संगीत आवडते हे त्याचे घर, शिक्षण आणि वर्ग घडवतात. आणि वरच्या वर्गाची आवड हीच 'चांगली आवड' म्हणून सगळ्यांवर लादली जाते. बोर्द्यूने वर्ग पाहिला. इथे वर्गासोबत जात पाहावी लागते.

म्हणूनच आमच्या चित्रांना 'भडक' म्हणतात. विहाराचा निळा भडक, पुतळ्याचा सोनेरी भडक, मिरवणुकीतला देखावा भडक. देवळाच्या गोपुरावरचे रंग मात्र 'पारंपरिक'.

या निळ्याबद्दल जरा थांबून बोलू. बाबासाहेबांचे आपल्याला माहीत असलेले बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत. त्या फोटोत कोट काळा दिसतो, करडा दिसतो. मग देशभरातल्या भिंतींवर, पोस्टरांवर, पुतळ्यांवर तो कोट निळा कुणी केला? कुठल्या कला महाविद्यालयाने ठराव केला होता काय? नाही. पेंटरांनी केला, पोस्टर छापणाऱ्यांनी केला, मूर्ती रंगवणाऱ्यांनी केला. झेंड्याचा निळा त्यांनी माणसाच्या अंगावर घातला. एका हाती ग्रंथ, दुसऱ्या हाताचे बोट पुढे, खिशाला पेन, अंगात निळा कोट. निरक्षर आजीलाही लांबून ओळखू येईल अशी ही प्रतिमा आहे. विसाव्या शतकातल्या भारतात लोकांनी घडवलेल्या सर्वांत ताकदवान दृश्यप्रतिमांमध्ये तिची गणना करावी लागेल. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांना 'तुमचा आवडता रंग कोणता' असे कुणी विचारले नाही. आणि ज्यांना विचारले गेले त्यांच्यापैकी कितीजणांच्या आवडत्या रंगाने कोट्यवधी माणसांची मान ताठ केली?

आवड निरागस नसते याचा आणखी एक पुरावा. शंकर हे देशातले नावाजलेले व्यंगचित्रकार. संविधाननिर्मितीला वेळ लागतो म्हणून त्यांनी 1949 मध्ये गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू असे चित्र काढले. ते अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आले. 2012 मध्ये त्यावर आक्षेप घेतला गेला तेव्हा आपल्याला काय ऐकवले गेले? की तुम्हाला व्यंगचित्र वाचता येत नाही, विनोदबुद्धी नाही, कलेची समज नाही. पुढे उन्नामती श्याम सुंदर यांनी 1932 ते 1956 या काळातली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रे गोळा करून इंग्रजीत पुस्तकच काढले. ती चित्रे एकामागून एक पाहिली की कळते, त्या काळच्या मोठमोठ्या व्यंगचित्रकारांना बाबासाहेब कसे दिसत होते. त्यांच्या नजरेलाही जडणघडण होती, त्यांच्याही आवडीला जात होती. फक्त ती कुणी विचारली नाही.

आणि हा वाद कागदापुरता नसतो. मिरज तालुक्यातल्या बेडगमध्ये जून 2023 मध्ये बाबासाहेबांच्या नावाची स्वागत कमान पाडण्यात आली. आंबेडकरी कुटुंबे गाव सोडून मुंबईच्या दिशेने चालत निघाली. एक कमान म्हणजे काय? थोडे सिमेंट, थोडे लोखंड, काही अक्षरे. पण गावाच्या रस्त्यावर कुणाची अक्षरे दिसावीत हा सत्तेचा प्रश्न आहे. जिथे आपले अक्षर उभे राहण्यासाठी कुटुंबांना घराला कुलूप लावावे लागते, तिथे ते अक्षर लिहिणाऱ्याला साधा कारागीर म्हणून मोकळे होता येत नाही.

"कलेला जात नसते," असे यावर सांगितले जाते. कलेला जात नसेल, पण स्टुडिओला असते, गॅलरीला असते, समीक्षकाला असते, विकत घेणाऱ्याला असते. आणि कलाकाराने स्वतःच्या जगण्यातून चित्र काढले की लगेच म्हणतात, हा किती दिवस जातीचे रडगाणे गाणार? चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या कोळसाखाणीच्या गावचे प्रभाकर पाचपुते कोळशानेच खाणकामगारांची चित्रे काढतात. त्यांच्या घरच्यांनी खाणीत काम केले आहे. ती त्यांची प्रेरणा म्हणून जगभर वाखाणली जाते, आणि ते योग्यच आहे. मग नागपूरचे सवी सावरकर गळ्यात मडके आणि पाठीला झाडू बांधलेला माणूस रंगवतात, देवदासी रंगवतात, तेव्हा ते 'प्रचारकी' कसे होते? कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेंडूरचे प्रभाकर कांबळे मडक्यांची 'उतरंड' उभी करतात. आपल्या आईच्या स्वयंपाकघरात असलेली उतरंड आणि बाबासाहेबांनी सांगितलेली जातींची चढती भाजणी त्यात एकत्र दिसते. मुंबईचे विक्रांत भिसे पँथर, नामांतर, मोर्चे कॅनव्हासवर आणतात. पाटण्याच्या मालविका राज मधुबनी शैलीत बुद्धचरित्र आणि बाबासाहेब रंगवतात, ज्या शैलीत पिढ्यान्‌पिढ्या राम-सीता रंगवले गेले. या सगळ्यांचे व्यक्तिगत आयुष्य हेच त्यांचे कलाशिक्षण आहे. कमळाच्या तळ्याकाठी वाढलेल्याने कमळ रंगवले तर ते सौंदर्य, आणि गावकुसाबाहेर वाढलेल्याने गावकूस रंगवले तर ते रडगाणे, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

इथवर वाचून अनेक कार्यकर्ते मान डोलावतील. आता चळवळीकडे वळतो. मान तशीच डोलत राहावी ही अपेक्षा.

जयंती मंडळांचे हिशेब काढून पाहा. डीजेला किती? मंडपाला किती? फ्लेक्सवर किती, आणि त्या फ्लेक्सवर बाबासाहेबांचा चेहरा केवढा आणि मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे चेहरे किती? चित्रकाराच्या नावापुढे रक्कम आहे काय? बहुतेक ठिकाणी नसते. "आपलाच पोरगा आहे, समाजाचं काम आहे, पैसे काय मागायचे?" समाजाचे काम डीजेवाला फुकट करत नाही. जनरेटरवाला फुकट करत नाही. आपलाच पोरगा तेवढा फुकट का? ज्या जातिव्यवस्थेने आपल्या आजा-पणजांकडून मोबदल्याविना कामे करून घेतली तिला आपण वेठबिगार म्हणतो. समाजाच्या नावावर कलाकाराला फुकट राबवणे याला काय म्हणायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरी गोष्ट नावाची. दिल्लीत संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा ब्राँझचा पुतळा 2 एप्रिल 1967 रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते उभा राहिला. त्याचे फोटो आपण हजारदा पाठवतो. शिल्पकाराचे नाव किती जणांना सांगता येईल? ब्रह्मेश वाघ. हा देशातला इतका महत्त्वाचा पुतळा, तरी त्याच्या शिल्पकाराचे नाव आपल्या भाषणांत येत नाही. मग तालुक्याच्या चौकातल्या पुतळ्याचे काय? तिथल्या संगमरवरी फलकावर उद्घाटक असतात, प्रमुख पाहुणे असतात, निधी देणारे आमदार असतात, सगळे सदस्य असतात. घडवणारा नसतो.

काही जण म्हणतील, बौद्ध परंपरेत 'मी'पणाला जागा नाही, अजिंठ्याच्या चित्रकारांनी कुठे सह्या केल्या? हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण अर्धवट आहे. अजिंठ्यात शिलालेख आहेत. सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे, सव्विसाव्या लेण्यात भिक्खू बुद्धभद्राचे आहे. म्हणजे दान देणारा नोंदला गेला. आणि बौद्ध परंपरेतच दुसरे उदाहरण आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर लेख कोरलेला आहे की हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले. दोन हजार वर्षांपूर्वी बौद्धांनी स्तूपाच्या तोरणावर कारागिरांच्या श्रमाची नोंद केली. तीच आपली परंपरा आहे. आमदाराचे नाव मोठे आणि शिल्पकाराचे गायब, ही परंपरा आपली नाही.

बाहेरच्या जगातही पाहा. अमेरिकेत ब्लॅक पँथर चळवळ उभी राहिली तेव्हा एमोरी डग्लस हा चित्रकार पक्षाच्या नेतृत्वात होता, सांस्कृतिक खाते त्याच्याकडे होते. 1967 मध्ये शिकागोतल्या कृष्णवर्णीय कलाकारांनी एका इमारतीच्या भिंतीवर आपल्या नायकांची चित्रे काढली. ती भिंत आज उभी नाही, पण ती कुणी रंगवली याची नावे आहेत, त्यावर पुस्तके आहेत. आपल्या भिंती उभ्या आहेत आणि नावे गेली. त्यातल्या कितीतरी भिंतींवर आता टाइल्स बसवून डिजिटल प्रिंट लावली जाते आहे. म्हणजे भिंतही जाणार.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. चळवळ आपल्या कलाकाराला आवड असू देते काय? त्याने बाबासाहेब काढले की टाळ्या. बुद्ध काढला की टाळ्या. त्याने उसाच्या फडात पाचट पेटल्यावर आकाशाला येणारा तांबूस रंग काढला, आईचे हात काढले, प्रेयसी काढली, काहीच ओळखू येत नाही असे अमूर्त चित्र काढले, तर आपण विचारतो, याचा समाजाला उपयोग काय? प्रस्थापित त्याला 'दलित चित्रकार' या खणात बसवतात आणि आपणही त्याच खणाला आतून कडी लावतो.

बाबासाहेबांकडे पाहा. ग्रंथांसाठी त्यांनी 'राजगृह' बांधले. उत्तम पेनांची त्यांना आवड होती. बागेची होती, कुत्र्यांची होती, उत्तम पोशाखाची होती. उतारवयात ते व्हायोलिन शिकले, चित्र काढायला कुंचला हातात धरला. एवढा कामाचा डोंगर उपसणाऱ्या माणसाला हे निरुपयोगी वाटले नाही. ज्यांना माणूस म्हणून पाणी नाकारले गेले त्यांनी माणूस म्हणून सौंदर्यही मागायचे असते, हे त्यांना कळत होते. चवदार तळ्याचा हक्क मिळवल्यावर त्या पाण्यावरचा उजेड पाहण्याचा हक्कही आपलाच आहे.

चौथी गोष्ट आपल्या मुलींची. पुरुष पेंटर निनावी असला तरी निदान 'पेंटर' म्हणून ओळखला जातो. वाकळ शिवताना जुन्या लुगड्यांचे तुकडे कोणते कुठे बसवायचे हे ठरवणारी आई रंगसंगतीचाच निर्णय घेत असते. तिला कुणी कलाकार म्हणत नाही. तिच्या लेकीला चित्रकलेत श्रेणी मिळते, मग लग्न होते आणि रंगपेटी माहेरच्या फळीवर राहते. सावित्रीबाईंचे माहेर नायगाव याच सातारा जिल्ह्यात आहे आणि जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुणही इथलेच. त्या मातीत मुलींच्या रंगपेटीवर धूळ बसत असेल तर जयंतीच्या भाषणातल्या 'सावित्रीच्या लेकी' कोण?

आमचे म्हणणे हवेत राहू नये म्हणून काही ठोस गोष्टी सांगतो. या दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक मंडळाला, प्रत्येक विहाराला जमतील अशाच आहेत.

1. नाव. प्रत्येक भित्तिचित्राखाली, पुतळ्याच्या फलकावर कलाकाराचे नाव, गाव आणि वर्ष. उद्घाटकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात.

2. मोबदला. जयंतीचा अर्थसंकल्प करताना कलाकाराचे मानधन पहिल्या ओळीत लिहा. उरले तर डीजे.

3. फोटो. जुन्या चित्रावर रंग मारण्याआधी, टाइल्स लावण्याआधी त्याचा नीट फोटो काढा. चित्र कुणी, कधी काढले हे वस्तीतल्या जुन्या माणसांकडून विचारून लिहा. ती माणसे थकत चालली आहेत.

4. जागा. एप्रिल महिन्यात विहाराच्या सभागृहात आठ दिवस स्थानिक कलाकारांचे प्रदर्शन भरवा. मुंबईच्या गॅलरीत तारीख मिळायला वर्षे लागतात, आपल्या समाजमंदिराची किल्ली आपल्याच खिशात आहे. आणि एक अट घालू नका: विषयाची.

5. साहित्य. एका मुलीचा रंग-कागदाचा वर्षाचा खर्च एका मंडळाने उचलावा. कमानीच्या लायटिंगपेक्षा तो कमीच असेल.

6. नोंदवही. तालुक्यातले पेंटर, मूर्तिकार, कलाशिक्षक, रांगोळी काढणाऱ्या, वाकळ शिवणाऱ्या यांची एक वही करा. नाव, जन्मवर्ष, काम कुणाकडे शिकले, कुठे कुठे काम आहे. आणि मग ते दिवाळी अंकातले सगळे प्रश्न विचारा. पहिला रंग कुणी आणून दिला? बाबासाहेबांच्या चेहऱ्याला कोणता रंग द्यायचा हे कसे ठरवता? डोळे आधी काढता की शेवटी? काम नसते तेव्हा काय काढता? कुणाचे चित्र काढायचे राहून गेले?

ही वही कशाला, असे कुणाला वाटेल. साताऱ्यातल्याच एका नोंदीची आठवण देतो. 7 नोव्हेंबर 1900 रोजी सातारा हायस्कूलमध्ये एका मुलाने प्रवेश घेतला. रजिस्टरमध्ये 1914 या क्रमांकासमोर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे आणि मुलाची सही आहे. त्या दिवशी ती एक साधी ओळ होती, वरच्या-खालच्या ओळींसारखीच. शाळेने ते रजिस्टर जपले म्हणून आज आपण ती सही पाहू शकतो, आणि 2017 पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. नोंद करताना कुणालाच माहीत नसते की कोणती ओळ इतिहास होणार आहे. म्हणून सगळ्यांचीच करायची असते.

या जयंतीला तुमच्या वस्तीतल्या भिंतीपुढे उभे राहून सेल्फी काढाल तेव्हा ती भिंत रंगवणाऱ्याच्या घरी जाऊन या. वही सोबत न्या.

जय भीम! जय संविधान!